खलिफाची चिडिया

"लपा बे, खलिफा आला!"

हे म्हणणारे गृहस्थ सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचे, वर्दीतले जमादार होते. बीपी तपासायला आले होते. बोलता बोलताच ते एक्स-रेच्या खोलीच्या पडद्यामागे गेले. शेजारच्या एसटी ड्रायव्हरनं वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं. मी दवाखान्याच्या काउंटरवर नवीन होते. मला वाटलं, गावातला कुणी मोठा गुंड येतो आहे.

आला तो एक किडकिडीत म्हातारा. मेंदीनं लाल केलेली दाढी, गुडघ्यापर्यंत सदरा, खांद्यावर चौकटीचा रुमाल. त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि पडद्याच्या खालच्या काठावर थांबवली.

"बाहेर ये, जमादार. बूट दिसून राह्यले."

जमादार बाहेर आले. म्हाताऱ्यानं बाही वर केली आणि मनगटाच्या वरचा एक फिकट व्रण साऱ्या हॉलला दाखवला.

"हे पाहा, याचे दात. दुधाचे होते, तरी कसे रुतले! आता चोर धरते म्हने."

जमादार कानांपासून मिशीच्या टोकांपर्यंत लाल झाले. उलट्या वर्तमानपत्रामागून हसण्याचा आवाज आला, तशी म्हाताऱ्याची मान तिकडे वळली. "तू कायले हासतं? तू तं सुंतेच्या दिवशी कडब्याच्या गंजीत लपला होता. शेळीनं दाखोला तुले."

हे करीमचाचा, मेडशीचे. आमच्याकडे मुसलमानांतल्या न्हाव्याला खलिफा म्हणतात आणि मुलांची सुंता करण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडेच असतं. आजूबाजूच्या गावांतली एक अख्खी पिढी चाचांच्या हाताखालून गेली होती. त्यामुळे आज तिच्यात कुणी ड्रायव्हर असो, कुणी सरपंच, चाचांसमोर सगळ्यांचं वय पाच वर्षांचं. भर बाजारात ते हाक मारून विचारत, "काय रे, सारं बराबर हाय नं?" आणि चांगला बायकोबरोबर वांगी घेत असलेला माणूस पिशवी टाकून पसार व्हायचा.

हात थरथरायला लागले तेव्हा चाचांनी वस्तरा आपणहून ठेवून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. "लेकराचं अंग हाय, भेंडी नाई," म्हणाले. तेव्हापासून घरोघर जाऊन ते आईबापांना आमच्या दवाखान्याचा पत्ता सांगत आणि रविवारी मुलाबरोबर स्वतः एसटीनं मालेगावला येत. (आमचं मालेगाव वाशीमचं; नाशिकचं नव्हे. हे आम्हाला जन्मभर सांगत बसावं लागतं.)

वस्तरा सोडला, पण चिडिया सोडली नाही.

सुंतेच्या वेळी मुलाचा मामा त्याला मांडीवर घेऊन मागून धरतो. खलिफा समोर बसतो आणि एकदम वर बोट करून ओरडतो, "उप्पर देख, सोने की चिडिया!" मुलगा वर पाहतो. खाली तेवढ्यात काम आटोपतं. आता कापण्याचं काम डॉक्टरसाहेबांकडे आणि भुलीच्या इंजेक्शननं होत होतं, पण ती सुई टोचायच्या क्षणी चिडिया चाचांचीच. डॉक्टरसाहेब आधी कुरकुरले. मग काही महिन्यांनी मी त्यांनाच सुई हातात धरून म्हणताना ऐकलं, "हं चाचा, सोडा चिडिया."

चाचांचा आवाज दार बंद असलं तरी हॉलमध्ये यायचा. आणि तो आला की बाकांवर बसलेले मिशीवाले, टक्कलवाले, मोबाइलमध्ये तोंड घातलेले, सगळे पुरुष एकदम छताकडे पाहायचे. एकमेकांना पाहताना पाहिलं की मग घसा खाकरायचे. मी काउंटरवरून हे अनेकदा पाहिलं आहे आणि रजिस्टरमध्ये डोकं घालून हसले आहे.

त्यांची सगळ्यांची चाचांविरुद्ध एकच तक्रार होती. जमादार एकदा धीर करून म्हणालेच, "चाचा, चाळीशी उलटली माही. ते चिडिया काई दिसली नाई अजून."

"कशी दिसन? येनवक्ती खाली पाह्यलं असन तू. खाली पाह्यनाऱ्याले नाई दिसत ते."

माझं म्हणाल तर मी न बोलणारी. बाबांनी भाजीच्या मळ्याच्या जिवावर मला वाशीमच्या इंग्रजी शाळेत शिकवलं. तिथे वऱ्हाडी बोललं की मुली हसायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की आजी हसायची. मी मधला मार्ग काढला आणि गप्प राहिले. त्यात या दवाखान्यात काउंटरवर 'काय त्रास आहे' विचारायचं काम. मुलाला घेऊन आलेला बाप इकडेतिकडे पाहून कुजबुजायचा, "ते... मॅडम... करायचं होतं..." मी त्याहून हळू कुजबुजायची, "हो... ते... बसा." शाळेत बायोलॉजीच्या मॅडमनी ते पान घरी वाचायला सांगितलं होतं. मला त्या गोष्टीचे इंग्रजी, हिंदी, मराठी सगळे शब्द येत होते, उच्चारता मात्र एकही येत नव्हता.

चाचा माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणायचे, "मैना, बोल नं वं. नाव तं मोठ्यानं पुकारत जाय. तिकडे मानूस बसल्या बसल्या बरा होऊन जाईन."

मैना हे नाव मला त्यांनीच दिलं. मला राग यायचा. पण ज्या रविवारी ते येत नसत, त्या रविवारी हॉल फार मोठा वाटायचा.

एकदा रिठदहून एक माळी कुटुंब आलं. मुलाला लघवीला त्रास होता, कातडी मागे सरकत नव्हती, जंतुसंसर्ग सारखा होत होता. डॉक्टरसाहेबांनी सुंता करायला सांगितली. बाप तयार होता, पण आजीनं बाकावर बैठक मारली. "आमी माळी हावो बाप्पा. पोराची मुसलमानी करता काय? लोक काय म्हनतीन? पोरगी कोन देईन त्याले?"

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. चाचा मात्र आजींच्या शेजारी जाऊन बसले.

"काय पेरलं औंदा, बाई?"

"सोयाबीन."

"मंग सांग. टरफल काढलं म्हून सोयाबीनची तूर होते काय?"

आजीनं पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत कळेना. हसत होत्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "वर पाह्य रे, सोन्याची चिडिया!" हिंदू मुलांसाठी चाचांची चिडिया मराठी होती.

हसताना, खोकताना चाचा डावा हात सदऱ्याखाली जांघेवर दाबून धरायचे. ते माझ्या आधी डॉक्टरसाहेबांच्या लक्षात आलं. हर्निया होता, चांगला मोठा. "चाचा, ऑपरेशन करून घ्या. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल," ते दर खेपेला सांगत. चाचा दर खेपेला नवी सबब देत. तुरी निघू द्या. ईद होऊ द्या. घरातलं लग्न होऊ द्या. त्यांच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, मुलगी अकोल्याला. तुरीसुद्धा शेजाऱ्याच्याच होत्या.

ही गोष्ट जमादारांना कळली आणि गावाला सणच मिळाला. "गावाले कापनारा वस्तऱ्याले भेला!" ड्रायव्हर म्हणाला, "आमी सारे येतो चाचा पाहाले. आमाले तुमी नंगं पाह्यलं, आता आमची पाळी." चाचाही हसले. हसताना हात जांघेवर होता.

मग एका सकाळी मेडशीच्या पहिल्या गाडीनं चाचा आले. एकटे. ड्रायव्हरनं त्यांना हाताला धरून आत आणलं. दाढीचा लाल रंग तेवढा चेहऱ्यावर उरला होता. डॉक्टरसाहेबांनी तपासलं आणि म्हणाले, आतडं अडकलंय, आज टाळता येणार नाही. भुलीच्या डॉक्टरांना वाशीमहून बोलावलं.

चाचा उठून दाराकडे चालायला लागले.

"चाचा, मरायचं आहे का?" डॉक्टरसाहेब पहिल्यांदाच ओरडले.

चाचा काउंटरला धरून उभे राहिले. माझ्याशीच बोलले, हळू, अगदी माझ्यासारखे. "मैना, सुंतेले लेकराच्या मांगं मामा बसते. धरते त्याले. माह्या मांगं कोन बसन?"

एवढीच ती भीती होती. इतक्या दिवसांच्या तुरीच्या आणि ईदच्या सबबी तिच्यापायी होत्या.

मी काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांच्या खांद्यावरचा रुमाल घडी करून हातात घेतला. ड्रायव्हरनं फोन काढला. चाचांना आत नेईपर्यंत हॉलमध्ये जमादार आले होते, मागोमाग सरपंच, पंक्चरवाला, आणखी चारदोन जण. पाहायला येणार म्हणणारेच सगळे. सगळे बाकांवर मांडीवर हात ठेवून शाळेतल्यासारखे बसले.

त्या दिवशी सिस्टर रजेवर होती, म्हणून मला आत बोलावलं. चाचांना टेबलाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं होतं. कंबरेत सुई द्यायची होती. मी समोर उभी राहून त्यांचे खांदे धरले. मागे नाही, पुढे. सदऱ्याशिवाय ते खांदे इतके लहान होते की मला दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

"चाचा, मान खाली. हनुवटी छातीला. पाठ गोल करा," भुलीचे डॉक्टर म्हणाले.

चाचांनी मान वर केली.

"खाली, चाचा. पाठ ताठ राहिली तर सुई जाणार नाही."

मान खाली जाईना. चाचा छताकडे पाहत होते. पंखा, ट्यूबलाइट, कोपऱ्यातलं जाळं. एकेक पाहत होते, काहीतरी शोधावं तसे. भुलीचे डॉक्टर सुई धरून थांबले. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. दाराबाहेर बसलेल्या सगळ्यांनी तो ऐकला आणि सगळ्यांनी म्हणे आपापल्या पायांकडे पाहिलं.

"चाचा, खाली पाहा! सोन्याची चिडिया!"