जगलेल्या पोराचं झबलं

तावडेकाकूंचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. माझी पोर आज चालती-बोलती आहे ती देवाच्या खालोखाल काकूंमुळे, असं मी मानते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मानत नाहीत. त्यांचं शिक्षण जास्त, माझं सहावी.

असल्फ्याच्या टेकडीवर आमच्या शेजारची खोली काकूंची. दुपारी बोहारीण यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. चाळीतल्या बायका तिला जुने कपडे देऊन भांडी घ्यायच्या. काकूंचं उलटं. त्या घरातलं भांडं द्यायच्या आणि तिच्या गाठोड्यातले कपडे घ्यायच्या.

"ए बुढ्ढी, तू माझा धंदाच उलटा केलास," बोहारीण म्हणायची.

"उलटा करूनच बघूचा असता," काकू म्हणायच्या.

हे त्यांचं पेटंट वाक्य. काकू मालवणकडच्या, मी नांदेडकडची. पहिले सहा महिने त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं, पण हे वाक्य पहिल्या दिवशी कळलं. कुठलाही कपडा आधी उलटा करायचा. काख बघायची, शिवण ताणायची, मग नाकाला लावून हुंगायचा. चादर दारातल्या उजेडात धरायची ती मधोमध, कारण "कडा सगळ्यांच्याच चांगले असतत." कपाला नखाने टिचकी मारायची. बादली भरून ठेवायची आणि चहा पिऊन होईपर्यंत खाली ओल येते का बघायचं.

आमचे हे साकीनाक्याला लेथवर कामाला. त्यांच्यासाठी काकूंनी एकदा पँट निवडली. कंबरेची शिवण बघून म्हणाल्या, "दोनदा सैल केलीहा. खात्यापित्या घरातलो माणूस. ह्याका लाभतली." लाभली खरी, पण ह्यांना ती दोरीने बांधावी लागायची. काकूंसमोर बोलायची त्यांची टाप नव्हती.

माझं पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं. त्याला आम्ही हौसेने कोरं झबलं आणलं होतं, दुकानातलं. मागून बायका बोलल्या, कोरं घालतात का गं? बारशापर्यंत बाळाला जगलेल्या पोराचं जुनं घालायचं असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. गावी आईने बहिणीच्या पोरांचं काढून ठेवलं असतं. इथे कोणाचं मागू? दुसऱ्या वेळेला दिवस राहिल्यावर दोन घरी मागून पाहिलं. दोघी म्हणाल्या, आत्ताच बोहारणीला दिलं ना गं. ज्या बाईचं पोर गेलं तिला आपल्या पोराचं झबलं कोण देणार? मीही दिलं नसतं.

आठवा महिना लागला. एका दुपारी काकू रॉकेलच्या रांगेत होत्या, तेवढ्यात बोहारीण आली. मी लग्नातला डबा दिला आणि तिच्याकडून सहा झबली, दोन टोपडी घेतली. जुनीच, पण पांढरीशुभ्र. एकाला डाग असेल तर शपथ. काकू आल्यावर मी शहाणपणा दाखवायला पुढे केली.

काकूंनी एकेक उलटं केलं. हुंगलं. डांबरगोळीचा वास होता. सगळी एका मापाची.

"दूध खय गेला?" त्या म्हणाल्या.

"कुठलं दूध?"

"पोर ओकता, गो. लाळ गाळता. काजळ पुसता. ह्याच्यात काय्येक नाय. जित्याचे कपडे फाटतत." मग हळू म्हणाल्या, "ह्यां परत दी."

मी ती सगळी दाराबाहेर नेऊन ठेवली. गेलेल्या पोराचं मी डबा देऊन घरात आणलं होतं.

त्यानंतर पंधरा दिवस काकू दुपारच्या घरी नसायच्या. एकदा बोहारीणच भांडायला माझ्या दारात आली. "तुमची म्हातारी पागल झाली बाई. झबलं उचलते आणि मला म्हणते, ह्याचं पोरगं दाखव. मी भांडी विकते की पोरं दाखवते? काल हिच्यापायी मालाडला गेले दोन बस बदलून."

काकूंनी अखेर पाच झबली आणली. कळकट, एकाचा बंद तुटलेला, एकाला हळद.

"ह्यां मालाडचां. तीन वर्षांचो आसा, आवशीक बोचकारता. ह्यां पिवळां घाटकोपरचां, चेडू शाळेत जाता. आणि ह्या हिरव्याचो मालक माका चावलो." मनगटावरचे बारीक दातांचे वण त्यांनी मला दाखवले. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

मुलगी झाली. तिला ती पाचही झबली पुरली. बारशाच्या सकाळी मी काकूंकडे मोठं पातेलं मागायला गेले. फळी रिकामी होती. एक तवा, एक टोप, एक ताटली. काका गिरणीच्या संपानंतर गावी गेले ते तिकडचेच झाले, तेव्हा एकटीला भांडी लागतात किती, असं मी समजत आले होते. पाच झबल्यांसाठी दिलेली भांडी कुठली, हे मी विचारलंच नव्हतं.

"काकू, काय केलंत हे?"

"माका कोणाक वाढूचा आसा?" त्या म्हणाल्या. मग खाटेखालची ट्रंक ओढून एक पुडकं काढलं. आत एक टोपडं आणि एक झबलं. मी उलटं करून बघितलं नाही. वास मात्र आला, डांबरगोळीचा.

"माझो झील. अकरा दिवस होतो," काकू म्हणाल्या. "मी गेलंय की ह्यां माझ्यावांगडा ठेव. बोहारणीक पडता नये."

झील म्हणजे मुलगा, वांगडा म्हणजे बरोबर, एवढं तोवर मला कळायला लागलं होतं.

मी हो म्हटलंय. तेव्हापासून गावी गेले तरी मी आठ दिवसांवर राहत नाही. आई रागावते. मला तिथे झोप लागत नाही, इकडे काही झालं आणि ट्रंक दुसऱ्याच कोणी उघडली तर? काकू खूप जगोत. त्यांचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. पण ट्रंकेची किल्ली देव्हाऱ्याच्या मागे असते, आणि ते पुडकं मी माझ्या हातांनी त्यांच्या कुशीत ठेवीन.