टिपणिसांच्या टायरांची पकड

भालचंद्र टिपणिसांना आजवर एकही दुकानदार फसवू शकलेला नाही! निदान भालचंद्ररावांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. दिल्लीत एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात त्यांची नोकरी. पंख्यांपासून पायपुसण्यांपर्यंत सरकारचं सगळं सामान त्यांनी पारखून घेतलेलं. तीच सवय घरी. साधा झारा घ्यायचा तरी ते अख्खा बाजार पालथा घालत, झारा उन्हात धरत, भोकं तपासत आणि झारा न घेता परत येत. त्यांच्या पत्नी शालिनीताई मग दुसऱ्या दिवशी गुपचूप झारा घेऊन येत.

टायरचं प्रकरण मात्र गुपचूप उरकण्यातलं नव्हतं. ते घडलंच भर रस्त्यात, भर पावसात, एका गोलगप्पेवाल्यासमोर!

जुलै महिना होता. नवरा-बायको नोएडाहून गाझियाबादला घरी परतत होते. पुढचा सिग्नल लाल झाला. भालचंद्ररावांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी काही थांबायला तयार नाही! लग्नाच्या हॉलमध्ये मिरवणाऱ्या वरमाईसारखी ती सावकाश, डौलात पुढे सरकत गेली आणि कडेच्या गोलगप्प्यांच्या हातगाडीला जाऊन टेकली. पुदिन्याच्या पाण्याचं अख्खं मडकं बॉनेटवर उपडं झालं. कुणाला खरचटलं नाही, भरपाई देऊन प्रकरण मिटलं. पण पुढचे कित्येक दिवस गाडीचा एसी लावला की तोंडाला पाणी सुटायचं.

"मी आता या गाडीत बसणार नाही," शालिनीताई घरी आल्या आल्या म्हणाल्या.

"अगं, टायर गुळगुळीत झालेत. बदलू या की!"

"तुम्ही बदला. मी मेट्रोने जाईन बँकेत."

आणि त्या खरंच जाऊ लागल्या. रोज नेहमीपेक्षा लवकर घराबाहेर पडत. भालचंद्ररावांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे, निवळेल. पण ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, शेजारची सीट रिकामीच! नोव्हेंबरात लग्नाला तीस वर्षं होत होती. गाडी घेऊन दोघांनी मुक्तेश्वरला जायचं, समोर हिमालय बघत चहा प्यायचा, असा बेत होता. खोलीसुद्धा ठरलेली.

"मी महिला मंडळाच्या बसने येईन मुक्तेश्वरला," शालिनीताईंनी जाहीर केलं.

"लग्नाचा वाढदिवस महिला मंडळाबरोबर?"

"ती बस थांबते."

हे शब्द भालचंद्ररावांच्या काळजात घुसले. आता टायर घ्यायचे, आणि असे घ्यायचे की उन्हाळा, पावसाळा, धुकं, घाट, कशालाही दाद देणार नाहीत! स्वस्त, पण टाकाऊ नाहीत. चांगले, पण खिसा फाडणारे नाहीत. ते रोज ऑफिसातून आले की मोबाइलवर टायरांचे व्हिडिओ बघत बसत. त्यात कॅनडातला एक दाढीवाला बर्फावर गाडी गरागरा फिरवून दाखवायचा.

"बाबा, तू बर्फावरचे टायर कशाला बघतोयस?" मुलगी सुखदाने विचारलं. ती नोएडात आयटी कंपनीत होती. "यार, गाझियाबादमध्ये बर्फ फक्त उसाच्या रसात असतो!"

"तुला नाही कळायचं. मला ऑल-सीझन टायर हवेत."

शनिवारी ते टायरवाल्या लांबाजींच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"मुझे ऑल-सीज़न टायर चाहिए. बारह महीने चलनेवाला."

लांबाजींचा चेहराच पडला. "बारह महीने? सर, हमारा टायर चार साल चलता है! बारह महीनेवाला माल हम रखते ही नहीं."

"वैसा नहीं! मतलब गर्मी, बारिश, ठंड, सब में चले."

"तो और क्या सर? गर्मियों में उतारके अलमारी में रखोगे?"

भालचंद्ररावांनी अपमान गिळला आणि पारखायला सुरुवात केली. टायरवर कोरलेली तारीख वाचली, म्हणजे जुना माल गळ्यात पडायला नको. खाचांत नाणं घालून खोली बघितली. अंगठ्याने दाबला. एकदा तर वाकून वासही घेतला, तेव्हा लांबाजी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसले. सगळ्यात महाग टायर म्हणे धावताना आवाजही करत नाही. पण भालचंद्रराव म्हणाले, आवाज होऊ दे, घरी सवय आहे! सगळ्यात स्वस्त टायरला खाचा अशा होत्या की नखाने ओरखडे काढलेत. शेवटी मधले ठरले. रुंद, खोल खाचांचे.

"गीले में पकड़ कैसी है?"

"सर, बीवी से पर्स छूट जाए, इससे सड़क नहीं छूटेगी!"

नवे टायर लावून भालचंद्रराव नवरदेवासारखे घरी आले. शालिनीताई खाली उतरल्या. गाडीला एक फेरी मारली.

"काळे आहेत," त्या म्हणाल्या.

"अगं, टायर काळेच असतात!"

"आधीचेही काळेच होते. ओल्या रस्त्यावर गाडी थांबवून दाखवा. थांबली तर मुक्तेश्वरला तुमच्याबरोबर."

पण ऑक्टोबर निम्मा सरला होता. आभाळात ढगाचा तुकडा नाही. ओला रस्ता आणायचा कुठून? भालचंद्ररावांना एकदम सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प आठवला. चांगला घसरगुंडीसारखा उतार! त्यावर पाणी मारायचं, गाडी सोडायची, मधोमध ब्रेक लावायचा. घाटच तो! फक्त तेवढा वेळ रॅम्प मोकळा हवा. म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला.

आता बघा हं, माणूस पंचवीस वर्षं दिल्लीकडे राहिला तरी हिंदी लिहिताना विचार मराठीतच करतो. भालचंद्ररावांना म्हणायचं होतं प्रात्यक्षिक. त्यांनी लिहिलं: 'रविवार सुबह दस बजे रैंप पर प्रदर्शन होगा. कृपया गाड़ियाँ न लाएँ. सबका सहयोग अपेक्षित. टिपणीस.'

मराठीत प्रदर्शन फुलांचं असतं, चित्रांचं असतं, फार तर साड्यांचं. हिंदीत प्रदर्शन म्हणजे मोर्चा!

ग्रुप नुसता पेटला. 'शाबाश टिपणीस जी!' 'कोई तो बोला!' 'रैंप की हालत देखी नहीं जाती!' 'हम सब आपके साथ हैं!'

"बघ," भालचंद्रराव भारावून शालिनीताईंना म्हणाले, "लोकांना टायर या विषयात किती रस आहे!"

सुखदाने वेळीच वाचलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण तिने तो ग्रुप कधीचाच म्यूट करून ठेवला होता.

रात्री जेवताना सोसायटीच्या अध्यक्षांचा, चड्ढाजींचा फोन आला. आवाजात घाम फुटलेला.

"टिपणीस जी, बातचीत से हल निकल सकता है."

"बातचीत बहुत हो गई, चड्ढाजी. श्रीमतीजी नहीं मानतीं. अब फ़ैसला रैंप पर ही होगा!"

"अच्छा, भाभीजी लीड कर रही हैं?" चड्ढाजी आणखी घाबरले. "हम कुछ कर सकते हैं?"

"बस, सुबह रैंप पर पानी डलवा दीजिए. अच्छी तरह."

"पानी? जी, ऐसा धुलवाऊँगा कि उसमें शक्ल दिखेगी!"

घाणेरड्या रॅम्पवरून मोर्चा निघणार असेल, तर मोर्चाच्या आधी रॅम्पच चकचकीत करून टाकावा, असा चड्ढाजींचा हिशेब! त्यांनी पहाटेच सफाईवाल्यांना कामाला लावलं. नुसतं पाणी नव्हे, फरशी धुण्याच्या साबणाचे कॅनच्या कॅन ओतले.

रविवारी दहा वाजता भालचंद्रराव ठेवणीतला झब्बा आणि कोल्हापुरी चपला घालून गाडीत बसले. शेजारी, जुलैनंतर पहिल्यांदाच, शालिनीताई. गाडी रॅम्पच्या तोंडाशी आली आणि दोघं बघतच राहिले. अर्धी सोसायटी लोटलेली! हातात पुठ्ठे. 'रैंप हमारा हक़ है!'

"टिपणीस जी, संघर्ष करो! हम तुम्हारे साथ हैं!"

"हे संघर्ष कसला म्हणताहेत?" शालिनीताईंनी विचारलं.

"प्रोत्साहन देताहेत गं."

चड्ढाजी हात जोडून खिडकीशी आले. "भाभीजी, आपकी जो माँग हो, बता दीजिए."

शालिनीताईंना वाटलं, टायरच्या चाचणीचे हे परीक्षक असावेत. "मेरी एक ही माँग है. गाड़ी रुकनी चाहिए."

"भाभीजी की माँगें पूरी करो!" गर्दीतून आरोळी उठली.

भालचंद्ररावांनी देवाचं नाव घेतलं आणि गाडी उतारावर सोडली. खाली रॅम्प नव्हताच, नुसता फेस! दुधाच्या साईवरून गाडी चालवावी तसं वाटलं. बरोबर मध्यावर त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली! खिळा ठोकल्यासारखी! तसूभरही सरकली नाही. घोषणा थांबल्या. शालिनीताईंनी घट्ट मिटलेले डोळे एक एक करून उघडले.

"थांबली की हो!" त्या म्हणाल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा भालचंद्ररावांकडे बघून हसल्या.

तीन महिने ज्याची वाट बघितली ते हसू! भालचंद्ररावांच्या छातीत ते मावेना. त्यांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, आणि विजयी वीरासारखे हात उंचावत ते गाडीतून रॅम्पवर उतरले.

चांगल्या टायरांसाठी त्यांनी महिनाभर डोकं शिणवलं होतं. पायातल्या चपलांचे तळवे मात्र आरशासारखे गुळगुळीत झालेले!

हात उंचावलेलेच राहिले आणि खालून पाय निघून गेले. भालचंद्रराव बसल्या बसल्या, अगदी सरळ, सभ्यपणे, आपल्याच गाडीच्या शेजारून उतारावरून निघाले. शालिनीताईंनी काचेतून बघितलं तर यजमान खाली चाललेले! "पकड़ो! पकड़ो!" म्हणत चड्ढाजी धावले, आणि दुसऱ्या पावलाला तेही बसले. त्यांना धरायला खजिनदार गेले, ते आडवे झाले. पाठोपाठ 'रैंप हमारा हक़ है' हा पुठ्ठा आणि तो धरलेले गृहस्थ. एकामागून एक सगळे तळघरातल्या खांबाशी जाऊन साठले. सगळ्यांत तळाशी भालचंद्रराव!

उतारावर ताठ उभी होती ती एकटी गाडी. आत शालिनीताई.

"शालिनी, उतरू नकोस!" भालचंद्रराव ढिगाखालून ओरडले. "मला उठता येत नाहीये! रामवीर गार्डला बोलाव, तो गाडी काढेल!"

रामवीर वर कठड्याला घट्ट धरून उभा होता. तो एक पाऊलही टाकायला तयार नव्हता.

शालिनीताईंनी पदर खोचला. गिअरवरून पाय टाकून त्या ड्रायव्हरच्या सीटवर सरकल्या. इंजिन सुरू झालं.

"अगं, हात नको लावूस! ब्रेक... ब्रेक मधला गं!"

गाडी हळूहळू, एका लयीत खाली आली, ढिगापासून दोन हातांवर थांबली. काच खाली झाली.

"बसा," शालिनीताई म्हणाल्या. "मागे."

लिफ्टने धावत आलेली सुखदा टाळ्या वाजवायला लागली. "आई, सुपर! बाबा, तुला खरंच माहीत नव्हतं? ती रोज बँकेच्या आधी ड्रायव्हिंग क्लासला जाते!"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे बघून मान हलवली. चड्ढाजींच्या मनगटाला प्लास्टर. भालचंद्ररावांना प्लास्टरही घालता येईना.

"माकडहाडाला तडा गेलाय," भालचंद्रराव कण्हत म्हणाले.

"माकडाचं हाड?" दिल्लीत वाढलेली सुखदा दचकली. "बाबा, रॅम्पवर माकड कुठून आलं?"

"माझं गं! माझं माकडहाड!" मग त्यांनी बायकोकडे केविलवाणं बघितलं. "पण शालिनी, टायर बघितलेस ना?"

"बघितले. छान आहेत," शालिनीताईंनी त्यांच्या पायांवर चादर ओढली. "पण अहो, त्या दिवशी टायरांचा तेवढा दोष नव्हता. सिग्नल लाल झाला तेव्हा तुम्ही खिडकीतून पेरूवाल्याला भाव विचारत होतात. ब्रेक लावलात तो मी ओरडल्यावर."

हे खरं होतं. भालचंद्ररावांच्या लेखी ही बाब इतकी किरकोळ होती, की ती मघाशी सांगायची राहून गेली. पेरू खरंच महाग होते.

"मग तू मला तेव्हाच का नाही बोललीस?"

"तीनदा बोलले. तिन्ही वेळा तुम्ही टायरांचा व्हिडिओ लावलात."

भालचंद्ररावांनी चादरीतून हात बाहेर काढला. शालिनीताईंनी तो धरला. "आता चालवणार मीच," त्या म्हणाल्या, "पण येते तुमच्याबरोबर."

नोव्हेंबरात ते मुक्तेश्वरला गेले. गाडीने, एकत्र. घाटात धुकं होतं, मध्येच सरही आली, वळणं तर जिलबीसारखी. पण शालिनीताईंनी गाडी अशी नेली की कपातला चहा हिंदकळू नये. शेजारच्या सीटवर सोबतीला आलेली सुखदा मिनिटामिनिटाला ओरडत होती, "वॉव! आई, ती बघ बर्फाची शिखरं! सोनेरी झालीत!"

भालचंद्ररावांना डॉक्टरांनी महिनाभर बसायची बंदी केली होती. ते मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर निजले होते. हिमालय दुसऱ्या कुशीला होता.

पुढच्या सीटच्या पाठीमागचं कापड करड्या रंगाचं आहे. त्यावर बारीक चौकटी आहेत. शिवण मात्र कच्ची आहे. दुकानदाराने कुणाला तरी फसवलेलं दिसतंय!