भोयरकाकांचे शनिवार

भोयरकाका वादविवादात शिट्टी वाजवत. वर्धा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म गेलेला. रिटायर झाल्यावर गल्लीतल्या वाचनालयात त्यांनी दर शनिवारी चर्चा सुरू केली, आणि तीही फलाटासारखीच चालवली. पाच मिनिटं झाली की शिट्टी. "तुमची गाडी सुटली, बसा आता." मी कॉलेजात शिकवतो, मला पाच मिनिटं घसा साफ करायलाच लागतात. त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष डोळा.

नियम एकच: शिवी चालेल, धमकी नाही. असं का, विचारलं तर म्हणाले, "मास्तर, शिवी खाल्ली का मानूस उलटून बोलते. धमकी आली का घरात जाऊन बसते. मंग बोलाचं कोनाशी?" कुणी "बाहेर भेट, पाहून घेतो" म्हटलं की काका त्याच्या चपला त्याच्या हातात देत. पुढच्या शनिवारी चहा पाजून पुन्हा आत घेत.

नव्वदच्या दशकात हवा बिघडली. काकांनी नेमकी दंगलींवरच चर्चा ठेवली. निरोप आला, सभा भरली तर हातपाय मोडू. निरोप धाडणाऱ्या टोळक्यात काकांचाच मुलगा मनोज होता, हे गल्लीला ठाऊक. एक शनिवार बंद ठेवा, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"एक बंद ठेवला का पुढचे तेच ठरवतीन," काका म्हणाले.

सभा भरली, माणसं मोजकीच. मनोज चौघांना घेऊन आला, हातात काठ्या. काका म्हणाले, "काठ्या भाईर ठेवा. पाच मिनिटं तुमचे."

काय वाटलं कोण जाणे, मनोजनं काठी दाराला टेकवली आणि तिथूनच बोलला. तावातावानं, भरपूर. शिट्टी काही वाजेना. मग मी उत्तर द्यायला उठलो, तशी त्यानं काठी उचलली. काका मधे आले. ती त्यांच्या खांद्यावर बसली.

ठाण्यात फौजदार म्हणाले, "घरचं प्रकरण आहे, मिटवून टाका."

"घरचं नाई, सभेचं हाये," म्हणत काकांनी मुलाचं नाव स्वतः सांगितलं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी काका थांबले. "मास्तर, कसा बोलला?"

मला मनोजचा राग होता. तरी म्हणालो, "चांगला बोलला." ते खोटं नव्हतं.

"वर्ष झालं, घरात माह्याशी एक शब्द बोलत नाई. ताट घेऊन माडीवर जाते." त्यांचे डोळे भरून आले. "आज आवाज आयकाले भेटला त्याचा."