वादळ खोटं, मुंग्या खऱ्या

वेंडल लासेनसाहेबांचं ठाम मत होतं, की खरं वादळ एक वेळ वाट चुकेल, पण त्यांनी आखलेलं खोटं वादळ कधीच चुकणार नाही!

अकरा वर्षं ते बॅटन रूजहून निघत आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या गावागावांत जाऊन वादळाच्या वैद्यकीय सरावाची परीक्षा घेत. डोक्यावर पांढरी टोपी, हातात फळी, फळीवर भलामोठा तक्ता. त्या तक्त्यात नापास झालं की हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाचा परवाना अडकायचा. त्यामुळे साहेब गावात शिरले की मोठमोठे डॉक्टर नखं न कापलेल्या शाळकरी पोरांसारखे हात पाठीमागे लपवायचे.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी पॉइंट ओलिव्हिएची पाळी होती. सकाळी नऊला साहेबांनी शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर भाषण ठोकलं.

“एकही खरं औषध उघडायचं नाही! उपचार तोंडाने बोलून दाखवायचा. ‘सलाईन लावलं’ म्हणा आणि पुढे चला. दुसरं म्हणजे, मी ‘सराव थांबवा’ म्हटल्याशिवाय सराव थांबणार नाही. दुसऱ्या कुणी कितीही बोंब मारली तरी ते नाटक समजायचं! आणि बेसावध राहू नका. मी कधी, कुठे, कसा कोसळेन, सांगता येत नाही. नऊ गावांत कोसळून दाखवलंय मी. सात नापास!”

हॉस्पिटलची मुख्य नर्स ओडेट ट्रोस्क्लेर हिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि ‘कोसळेन’खाली दोनदा रेघ मारली.

“आणि समजा, आता ताशी दीडशे मैलांचा वारा सुटलाय!” साहेब गरजले.

मैदानावर एक पान हलत नव्हतं. आकाश धुतलेल्या ताटासारखं लख्ख. लोक घामाने असे चिंब झाले होते की पावसाची उणीव कुणाला भासलीच नाही. पण गाव मोठं हौशी! पाच मिनिटांत साठ माणसं जखमी झाली. कुणी गालाला लाल रंग फासला, कुणी साखरेच्या पाकातलं रक्त दंडावरून ओघळवलं. ज्याच्या गळ्यात नर्सने काळी पट्टी घातली तो मेला, आणि त्याने गोलच्या खांबांमागच्या गवतात गुपचूप पडून राहायचं, अशी व्यवस्था होती.

साहेब मेलेल्यांची पाहणी करायला गेले आणि थबकले. चौदा जण गवतात आडवे होते. पंधरावी एक म्हातारी घडीच्या खुर्चीत बसली होती, पाय बर्फाच्या पेटीवर, मांडीवर पर्स, हातात पंखा.

“हे काय? मेलेली बाई खुर्चीत?”

ती मिस युलाली नाकँ. वय शहात्तर, तीस वर्षं शाळेच्या खानावळीत भात-सूप वाढलेलं. अख्खं गाव तिच्या डावाखालून गेलेलं!

“माझे गुडघे दहा वर्षांपूर्वीच मेलेत बाळा,” ती म्हणाली. “उरलेली मी आज मेले. बसू दे मला.”

“मेलेली माणसं बोलत नाहीत!”

“मग तू प्रश्न कशाला विचारतोस?”

साहेबांनी तक्त्यात एक फुली मारली. एवढ्यात ओळीतला तिसरा मृत टुणकन उठला! हा अल्सीड, हार्डवेअरचा दुकानदार, छातीतून प्लास्टिकचा पाइप आरपार गेल्यामुळे वारलेला. तो पाइपासकट नाचू लागला. त्याच्या मागोमाग चौथा उठला, मग पाचवा, आणि बघता बघता चौदाच्या चौदा मृत पँटी झाडत, टाचा आपटत मैदानभर पळत सुटले!

“मुंग्या! लाल मुंग्या!”

“मी सांगितलं होतं यांना,” मिस युलाली पंखा हलवत म्हणाली. “तिथे वारूळ आहे म्हटलं. पण मेलेल्याचं ऐकतो कोण!”

साहेबांना खरोखर धक्का बसला. अकरा वर्षांत मेलेल्यांनी अशी बेशिस्त कधी केली नव्हती!

“लाज वाटत नाही?” ते कडाडले. “खऱ्या वादळात मुंग्या नसतील? शव म्हणजे शव! त्याने खाजवायचं नाही. बघा, मी दाखवतो.”

आणि टोपी काढून, फळी छातीशी धरून, साहेब नेमके त्या वारुळाला पाठ लावून आडवे झाले.

अर्धं मिनिट ते खरोखर छान मेले. मग डावी भुवई उडाली. मग उजवा पाय. मग साहेब असे उभे राहिले, जणू जमिनीनेच त्यांना फेकून दिलं! सदऱ्याच्या आत, मानेवर, कानामागे, पोटऱ्यांवर मुंग्याच मुंग्या. गेल्या वर्षी बागेत दोनचार चावल्या होत्या तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. तेव्हा ती गोष्ट त्यांनी डॉक्टरला सांगितली नव्हती, कारण इतरांना सल्ले देण्यातून वेळ मिळाला नव्हता.

आधी ओठ जड झाले. मग जीभ. मग गळ्यात कुणीतरी बूच बसवावं तसं झालं. साहेबांच्या ध्यानात आलं, हे खरं आहे! त्यांनी सराव थांबवायला तोंड उघडलं.

“शाव थांभ…”

पुढे शब्दच फुटेना. साहेब गुडघ्यांवर कोसळले.

“कोसळले!” ओडेट आनंदाने किंचाळली. “साहेब कोसळले! पळा, हीच ती परीक्षा!”

चार नर्सा आणि एक डॉक्टर वाऱ्यासारखे धावत आले. पॉइंट ओलिव्हिए नापास होणाऱ्यांतलं गाव नव्हतं!

“चेहऱ्यावर सूज, अंगावर गांधी, श्वासाला घरघर,” ओडेट धडाधड म्हणाली. “मुंग्यांची तीव्र ॲलर्जी. बरोबर ना साहेब?”

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. देव पावला! बाई किती हुशार!

“मी आता मांडीत ॲलर्जीचं इंजेक्शन देते आहे,” ओडेटने रिकाम्या हाताचा अंगठा हवेत दाबला. “दिलं! वेळ अकरा सतरा. बरं वाटतंय?”

साहेबांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. त्यांनी मुंडी नाही-नाही अशी हलवली.

“फरक नाही? ठीक आहे, दुसरं देते.” पुन्हा अंगठा. “दिलं! ऑक्सिजनही लावला.”

साहेबांनी फळी ओढली आणि तक्त्यावर वेडंवाकडं लिहिलं: खरं आहे. ओडेटने ते वाचून डॉक्टरला दाखवलं.

“काय बारकावे आहेत बघा! अक्षरसुद्धा आजारी माणसाचं काढलंय!”

“आणि सूज?” डॉक्टरांनी साहेबांचा गाल कौतुकाने दाबून पाहिला. “ही कशी आणली असेल? राजधानीच्या माणसांकडे सामान असतं बाबा!”

साहेबांना स्ट्रेचरवर घालून अँब्युलन्समध्ये चढवलं. निदान अँब्युलन्स तरी खरी, तिला चाकं आहेत, या विचाराने त्यांना धीर आला. चालक कर्टिसने हातातला कागद मोठ्याने वाचला.

“वादळामुळे पूल पाण्याखाली. वळसा घ्यावा. बरं झालं वाचलं!”

आणि त्याने सायरन लावून मैदानालाच दोन चकरा मारल्या! खिडकीतून साहेबांना तेच गोलखांब, तीच शाळा, तोच पाइप घुसलेला अल्सीड दोनदा दिसला. दुसऱ्या खेपेला त्याने हातही केला. हा पूल बुडवायची कल्पना साहेबांचीच. बॅटन रूजच्या कचेरीत, थंड हवेत, कॉफी पिता पिता त्यांनी तो बुडवला होता!

“समजा हॉस्पिटल आलं,” म्हणत कर्टिसने दार उघडलं. समोर पुन्हा ओडेट, हातात कागद.

“हॉस्पिटल भरलंय. खाट नाही,” तिने वाचलं. “आणि रुग्णाला बारा मिनिटं उलटली. साहेब, फार वाईट वाटतं हो, पण तुमच्या तक्त्याप्रमाणे तुम्ही गेलात.”

तिने त्यांच्या गळ्यात काळी पट्टी घातली. साहेबांनी दोन्ही हातांनी तिचा एप्रन पकडला. ओडेटने बोटं हळूच सोडवली.

“शव म्हणजे शव, तुम्हीच म्हणालात ना?”

आणि त्यांना नेऊन गोलखांबांमागे, मिस युलालीच्या खुर्चीच्या पायाशी ठेवलं!

आता साहेबांना आकाशाच्या कडा काळ्या दिसू लागल्या होत्या. फळी गेली होती, आवाज गेला होता, आणि मुंग्या परत येत होत्या. आपण साठ माणसांच्या, सहा डॉक्टरांच्या आणि दोन अँब्युलन्सच्या मधोमध गुदमरून मरणार, आणि सगळे टाळ्या वाजवणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांना बायकोची आठवण आली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मिस युलालीने पंखा बंद केला. वाकून त्यांच्याकडे बघितलं. मग पर्स उघडली, रुमाल काढला, पेपरमिंटची पुडी काढली, चष्म्याचं घर काढलं आणि तळातून एक जाडजूड पेन काढलं. गांधीलमाश्या तिला सोसत नसत, म्हणून डॉक्टरने ते ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन कायम जवळ ठेवायला सांगितलं होतं.

“ए! मिस युलाली!” ओडेट लांबून ओरडली. “खरं औषध उघडायचं नाही! नियम आहे!”

“नियम जिवंत माणसांना! मी सकाळीच मेलेय!”

आणि तिने ते पेन पँटीवरूनच साहेबांच्या मांडीत खाटकन खुपसलं!

साहेबांच्या तोंडून असा आवाज निघाला की मैदानावरचे साठही जखमी जागच्या जागी बरे झाले. ओडेट धावत आली. तिने पहिल्यांदाच साहेबांच्या मनगटाला खरोखर हात लावला, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

“अगं आई! हे खरंच मरतायत!”

मग जी धावपळ उडाली तिला कुठल्याच तक्त्यात जागा नव्हती. खरा ऑक्सिजन लागला, खरी सुई टोचली, खरं सलाईन लटकलं. कर्टिस गाडीत चढला आणि त्याने मागे वळून विचारलं,

“पण पूल?”

“पूल शाबूत आहे, मूर्खा! पळव गाडी!”

सहा मिनिटांत साहेब हॉस्पिटलात होते. तिथे खाटही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब उशीला टेकून बसले होते. चेहरा अजून पावासारखा फुगलेला. ओडेट रात्रभर खाटेशेजारी बसून होती आणि दर तासाला माफी मागत होती, शेवटी साहेबच म्हणाले, “पुरे आता ताई. तुम्ही सगळं मी सांगितलं तसंच केलंत. तीच तर भानगड झाली.”

तेवढ्यात मिस युलाली आली. हातात डबा. डब्यात क्रॉफिशचा रस्सा आणि भात. साहेबांना भरून आलं. त्यांनी तिचा सुरकुतलेला हात दोन्ही हातांत धरला.

“मिस युलाली, एवढे डॉक्टर, एवढ्या नर्सा! कुणालाच कळलं नाही. तुम्हाला मात्र बघताक्षणी कळलं, की हा माणूस नाटक करत नाहीये!”

मिस युलालीने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

“खोटं कशाला बोलू बाळा? मला वाटलं, तू नाटकच करतोयस.”

“म्हणजे?”

“छानच करत होतास. शेवटी रडलासही!”

“मग… मग टोचलंत कशाला?”

“भर उन्हात चौदा माणसांना मुंग्यांत झोपवलंस, वर त्यांनाच ओरडलास. मला आला राग! म्हटलं, याला एकदा काहीतरी टोचलं पाहिजे. पेनाची मुदत तशी मार्चमध्येच संपली होती. फेकायचंच होतं.” तिने चमचा पुढे केला. “खा, गरम आहे.”

साहेबांनी चमचा घेतला आणि डबा संपवला.

सोमवारी त्यांनी अहवाल लिहिला. पॉइंट ओलिव्हिए पास! खाली शेरा म्हणून एक वाक्य जोडलं: ‘एका जागरूक नागरिकाने लक्षणं अचूक ओळखून तत्परतेने उपचार केले.’ लिहून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कचेरीचं दार लावून घेतलं, आणि मगच सही केली.