टोमॅटोला धाक

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे आठ. रक्कम अठरा हजार रुपये. हजर माणसे चार: किसनभाऊ, त्यांची मुलगी ज्योती, शेजारचा परसराम आणि मी. त्या दिवशी किसनभाऊंनी स्वतःच्या पोटच्या मुलीकडून शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि आम्हा दोघांना साक्षीदार केले. सही झाल्यावर ज्योतीने विचारले, "आबा, आधार कार्डाची झेरॉक्स पण देऊ का?" ती चेष्टा करत होती. किसनभाऊंनी झेरॉक्स घेतली.

किसनभाऊंचा कोणावरच विश्वास नाही. जानेफळच्या बाजारात भोपळा घेतला तर ते तो वाजवून बघतात, विकणाऱ्यालाही बोलते करून बघतात, आणि घरी आणून पुन्हा वाजवतात. बँकेचे मशीन पैसे देते तेव्हा ते मशीनसमोरच मोजतात, म्हणजे त्याला सबब नको. हवामानाचा अंदाज खरा ठरला तर त्यांना जास्तच काळजी वाटते. "काहीतरी हाये याच्यात," हे त्यांचे वाक्य. लग्नाची पत्रिका हातात दिली तरी आधी हेच म्हणतात, मग अभिनंदन.

त्यांचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस माझ्या शेताला लागून आहे. माझेही तेवढेच आहे, पलीकडे परसरामचेही. आत टोमॅटो. मी गावच्या दूध संस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे शेतीकडे सकाळ-संध्याकाळ जातो आणि किसनभाऊंच्या संशयाच्या कक्षेत कायम असतो.

ज्योतीने इंजिनिअरिंग केले, पुण्यात नोकरी केली, आणि दोन वर्षांनी ती सोडून दोन खोल्यांत स्वतः दिवे बनवायला लागली. अतिनील किरणांचे दिवे. तिने आम्हाला समजावून सांगितले ते असे: पॉलिहाऊसची पन्नी उन्हातले प्रखर किरण बरेचसे अडवते. त्यामुळे झाड उंच आणि लुसलुशीत वाढते. दिव्याने ते किरण रोज थोडा वेळ परत दिले तर झाड ठेंगणे आणि दणकट होते, पान जाडावते, रोग कमी येतो.

किसनभाऊंनी याचे त्यांच्या भाषेत रूपांतर केले. "पन्नीखालचं झाड म्हंजे मामाच्या घरी वाढलेलं पोट्टं. त्याले धाक पाहिजे."

करार असा होता. अर्ध्या भागावर सहा दिवे, अर्धा भाग बिनदिव्याचा. हंगामाअखेर दिव्याखालचा माल वजनाने जास्त भरला तर किसनभाऊंनी अठरा हजार द्यायचे. नाही भरला तर ज्योतीने दिवे काढून न्यायचे, एक पैसा मागायचा नाही.

दिवे रोज सकाळी तासभर लागत. ज्योतीने सांगितले होते की त्या वेळी आत जाऊ नका, डोळ्यांना आणि कातडीला वाईट. पण दिवे खरेच चालतात का, हे बाहेरून कसे कळणार? म्हणून किसनभाऊ वेल्डिंगचा काळा चष्मा, कानटोपी, मफलर, पूर्ण बाह्यांचा कोट आणि वर छत्री अशा थाटात आत जाऊन उभे राहत. पन्नीवर पाऊस नाही, आत छत्री. रस्त्याने जाणारे थांबून बघत. परसराम म्हणाला, "भाऊ टमाटे पिकवून राह्यले का टमाट्यायची चौकशी करून राह्यले?"

तोडणी दर रविवारी. स्वतःच्या काट्यावर किसनभाऊंचा विश्वास नव्हता, म्हणून ते माल आमच्या दूध संस्थेच्या काट्यावर आणत. दिव्याखालची प्लास्टिकची चार कॅरेट, बिनदिव्याची चार कॅरेट. वजन ते स्वतः वहीत लिहीत आणि वही शर्टाच्या आत घालत. त्या पानाचा फोटो संध्याकाळी ज्योतीला जाई, कारण करारात तसे लिहिले होते.

मी विचारले की दिव्यांचे कसे काय, तर म्हणत, "काही दम नाही. तू लागू नको त्याच्या नादी." परसरामलाही तेच.

महिनाभराने एका रविवारी ते कॅरेट ऑटोत बांधायला बाहेर गेले आणि वही टेबलावर राहिली. परसरामने ती उघडली. उघडायला नको होती, पण उघडलीच होती म्हणून मीही वाचली. दर रविवारी दिव्याची बाजू जड. त्या दिवसाची ओळ: दिव्याचे ऐंशी किलो, बिनदिव्याचे सत्त्याहत्तर.

परसरामचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पाहा. आपल्याले म्हणते दम नाही, अन् सोता फायदा खाऊन राह्यला. आपण दिवे लावू नये म्हणून हे नाटक."

मलाही तसेच वाटले, हे कबूल करतो. पंधरा वर्षांचा शेजार, आणि माणूस आपल्या तोंडावर खोटे बोलतो. आम्ही ठरवले की किसनभाऊंना न सांगता ज्योतीकडून प्रत्येकी सहा दिवे घ्यायचे. परसराम तर त्याच दुपारी फोन करणार होता. मी म्हटले, उद्यापर्यंत थांब. पैसे देण्याआधी आकडे तपासायची मला सवय आहे.

मी काट्याजवळच बसतो. काट्यावर जो आकडा येतो तो माझ्या पॅडच्या कोपऱ्यात आपोआप लिहिला जातो, माझा असो वा नसो. चार रविवारचे पॅड काढले. त्या दिवशी काट्यावर दिव्याची चार कॅरेट ऐंशी किलो भरली होती, बिनदिव्याची चौऱ्याऐंशी. रिकामे कॅरेट पावणेदोन किलोचे, चारांचे सात. बिनदिव्याच्या वजनातून किसनभाऊंनी सात वजा केले होते. दिव्याच्या वजनातून केलेच नव्हते. आधीच्या तीन रविवारीही तसेच, नेमके सात.

हा माणूस मेहकरच्या अडत्याशी कॅरेटच्या वजनावरून अर्धा तास भांडतो. त्याच्या हातून ही चूक चार वेळा होणार नाही. म्हणजे आम्हाला सांगितले ते खरे होते आणि वही खोटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिहाऊसच्या दाराशी गेलो. दिवे नुकतेच बंद झाले होते. किसनभाऊ छत्री मिटवत होते.

"भाऊ, दिव्याच्या बाजूचे सात किलो वजा करायचे राहिले. चारही रविवारी."

त्यांनी काळा चष्मा काढून मफलरने पुसला. मला वाटले, आता विचारतील की तू वही काऊन पाह्यली.

"नोकरी सोडली तवा मी तिले म्हणलं होतं, बुडशील," ते म्हणाले. "आता दर रविवारी फोन करते. आबा, किती भरले? तिच्या तोंडावर चांगलं केलं म्हणायले मले नाही जमत बे. कधी म्हणलंच नाही. म्हणून सात किलो."

मी म्हटले, "अन् या आकड्यांवर तिनं कर्ज काढून शंभर दिवे बनवले तं?"

हे त्यांच्या ध्यानात आलेच नव्हते. जगातल्या प्रत्येक आकड्यावर संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवेल, हे सुचले नव्हते. ते तिथेच पालथ्या कॅरेटवर बसले. मग मला थांबायला सांगून त्यांनी ज्योतीला फोन लावला आणि चारही रविवारची खरी वजने वाचून दाखवली, मध्ये एकही शब्द न घालता. पलीकडे ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. किसनभाऊ दोनदा "हाव" म्हणाले आणि फोन ठेवला.

ती तिसऱ्या दिवशी आली. आल्या आल्या थेट आत गेली. पाने उलटून बघितली, कडा पांढुरक्या झाल्या होत्या. दिवे फार खाली होते आणि तास जास्त होता. तिने ते हातभर वर घेतले, वेळ अर्ध्यावर आणली आणि त्या वेळात कोणी आत जाऊ नये म्हणून दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. किसनभाऊंना ते लागले.

पुढची वजने मी स्वतः लिहिली, दोन्हीकडचे सात वजा करून. दिव्याची बाजू हळूहळू बरोबरीला आली. जास्त मात्र कधीच भरली नाही. झाडे ठेंगणी राहिली, पानांवरचा भुरीचा रोग कमी आला, आणि माल कॅरेटमध्ये तीन-चार दिवस जास्त टिकला. हे एका हंगामाचे आणि एका पॉलिहाऊसचे. त्यापेक्षा जास्त मी म्हणणार नाही. परसरामने आणि मी अजून दिवे घेतलेले नाहीत.

शेवटच्या तोडणीनंतर ज्योती शिडी घेऊन आली. वजन जास्त भरले नव्हते, तेव्हा करारानुसार दिवे तिचे. तिने पहिला दिवा उतरवला. किसनभाऊंनी तो तिच्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि परत तिच्याच हातात दिला.

"लाव परत," ते म्हणाले.

मग कोटाच्या आतून पाकीट काढले. त्यांनी नोटा तीनदा मोजल्या, माझ्याकडून एकदा मोजून घेतल्या, आणि ज्योतीला मोजायला लावल्या. साडेअठरा हजार होते. अठरा हजार दिव्यांचे. वरचे पाचशे कशाचे ते त्यांनी सांगितले नाही, आणि तिने विचारले नाही. तिने पावती साडेअठरा हजारांची फाडली.