मायक्रॉन मुरारी आणि चार बोटं डावीकडं

"बाबांची बंदूक आहे, फक्त आठ दिवस द्या मला. लिंबाची साल न दुखावता बी काढून दाखवतो!" असं मुरारीनं पारावर जाहीर केलं, तेव्हा पारावरचं झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बसलं.

मुरारीला असं बोलायचा हक्क होता. निदान त्याला तसं वाटत होतं. चाकणच्या एका गिअरच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. केसाचे उभे दहा भाग करून त्यातला एक जाड निघाला, तर अख्खा लॉट परत पाठवायचा त्याचा लौकिक! घरी ताटात भाकरी पडली की तो आधी ती उजेडात धरून बघे. कंपनीत त्याला 'मायक्रॉन मुरारी' म्हणत, आणि ती थट्टा आहे हे त्याला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

प्रश्न होता मानाचा. गावात दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी वेशीवरच्या चिंचेला एक लिंबू टांगतात. प्रत्येक घरानं छऱ्याच्या बंदुकीनं एकच बार टाकायचा. जे घर लिंबू उडवील, त्या घरानं पहिलं सोनं देवीला वाहायचं. मुरारीच्या वडिलांनी, ज्योतीरामांनी, हा मान सलग बावीस वर्षं घरात ठेवला होता. बंदूक कसली म्हणता? जुनी, एकबारी, लाकडी दस्त्याची. नळी मोडायची, एक छरा घालायचा, नळी मिटायची आणि मारायचं. गेल्या पौषात ज्योतीराम गेले. आता मान राखायचा तो मुरारीनं. नाहीतर चुलतभाऊ धनेश टपलेलाच होता. त्यानं तर दुर्बीण लावलेली कोरी बंदूक आणली होती!

घटस्थापनेच्या दिवशी मुरारीनं घरामागं बांधाला पुठ्ठा लावला आणि दहा छरे मारले. दहाच्या दहा एकाच जागी. फक्त ती जागा लिंबापासून चार बोटं डावीकडं!

"भावा," कुंपणावरून धनेश म्हणाला, "लिंबू हिकडं हाय. तू सरपंचबाईच्या गोठ्यावर कशापायी बार टाकतोयस?"

मुरारी घरात गेला. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून त्यानं त्यावर, कंपनीत दोष शोधायला काढतात तसा, माशाचा सांगाडा काढला. एका काट्यावर यंत्र, एकावर माल, एकावर पद्धत, एकावर माणूस. 'माणूस' या काट्यावर त्यानं लगेच फुली मारली. माणूस तो स्वतःच होता. मग कंपनीच्या रीतीप्रमाणं तो पाच वेळा स्वतःलाच विचारू लागला, "का? का? का?"

"अहो," त्याची बायको पुनम म्हणाली, "पितृपंधरवडा कालच संपला. आता कावळा यायचा नाही."

पहिलं निदान झालं, हवा गळते! मुरारीनं सायकलच्या पंपाचं चामडी वायसर काढून बंदुकीत बसवलं. चाप ओढल्यावर 'फुस्स' झालं आणि छरा त्याच्याच चपलेवर पडला. दुसरं निदान, स्प्रिंग म्हातारी झाली! कुठल्याशा भंगारातून त्यानं दणकट स्प्रिंग आणून घातली. छरा सुटला तो पुठ्ठ्यातून, बांधावरच्या तुरीतून थेट पलीकडं गेला.

"माझी टाकी मुततीया रं!" शेजारच्या शालनबाई बोंबलत बाहेर आल्या.

टाकीला भोक पडलं याचं मुरारीला फारसं दुःख नव्हतं. ते भोकही चार बोटं डावीकडं पडलं, याचं दुःख होतं.

मग उरली नळी. वाकडी असेल तर? नळी मोजायची तर कंपनीतल्या यंत्रावरच. दुसऱ्या दिवशी मुरारी नळी टॉवेलात गुंडाळून गेटवर गेला. शिपाई निरंजन लातूरकडचा, सरळ माणूस.

"सायेब, टॉवेलात काय हाय हो?"

"बंदुकीची नळी," मुरारी खरं ते बोलला. क्वालिटीचा माणूस खोटं बोलत नाही!

निरंजननं शिट्टी फुंकली. भोंगा वाजला. सगळी पहिली शिफ्ट हातातलं काम टाकून मैदानात गोळा झाली, आणि कँटीनमध्ये नऊशे कप चहा गार झाला. मुरारीला मेमो मिळाला. पण खुलासा होता होता त्यानं साहेबांकडून नळी मोजून घेतलीच! नळी सुतासारखी सरळ निघाली. आजोबांच्या वेळचं पोलाद ते! मेमो खिशात घालून तो छाती काढून घरी आला.

"आणि हे पुढं लाल काय आहे?" पुनमनं विचारलं.

नळीच्या टोकावर नेम धरायचा एक दाणा असतो. दर खंडेनवमीला ज्योतीराम त्या दाण्यावर अंगठ्यानं कुंकू दाबत. कधी धुतलं नाही, कधी पुसलं नाही. वर्षाचं वर्षावर बसत गेलं, आणि दाणा एका अंगानं चांगला बोराएवढा फुगला होता.

"त्याला हात लावायचा नाही!" मुरारी ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबांच्या अंगठ्याचं आहे ते."

त्यानं दाणा कपाळाला लावला. जगातली प्रत्येक वस्तू मोजणाऱ्या मुरारीनं ही एकच गोष्ट मोजली नाही. उलट बारकी हातोडी घेऊन तो मागची नेमाची खाच केसकेस उजवीकडं सरकवत बसला. अष्टमीला संध्याकाळी दहापैकी दहा छरे लिंबात! मुरारीनं खाचेवर कंपनीचा हिरवा स्टिकर चिकटवला. 'तपासले. हात लावू नये.' त्या रात्री तो बापाच्या फोटोसमोर बराच वेळ ताठ उभा होता.

दसऱ्याला वेशीवर गाव लोटलं. धनेशनं आधी बार टाकला. दुर्बिणीत लिंबू कलिंगडाएवढं दिसलं म्हणे. वारा आला, कलिंगड हललं, छरा गेला. आणखी पाच-सहा घरं हुकली. मग मुरारी पुढं झाला. हिरवा स्टिकर जागेवर आहे एवढं पाहिलं, श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला.

छरा चार बोटं उजवीकडून गेला.

मुरारीनं बंदूक उलटसुलट केली, आणि त्याला नळीच्या टोकावर पितळेचा लख्ख, बारीक दाणा चमकताना दिसला.

"पुनम! हे... हे कुणी?"

"मीच!" पुनम कौतुकानं म्हणाली. "काल खंडेनवमी ना? आमच्याकडं हत्यार धुतल्याबिगर पुजत नाहीत. चिंच लावून पाऊण तास घासलं. पण तुमच्या स्टिकरला बोटसुद्धा लावलं नाही हं!"

बावीस वर्षांचा मान, चिंचेच्या पाण्यात!

"ज्योतीरामदादांचं घर संपलं," धनेश मोठ्यानं म्हणाला.

"कुनाचं संपलं?" गर्दीतून मुरारीची आई, सारजाबाई, पुढं आली. "माजं रेशनकार्ड येगळं हाय. लग्नानंतर ह्यानंच येगळं काढलं. कागदावर दोन घरं हायत!"

"चूल तर एकच हाय की!" धनेश म्हणाला.

"घरपट्टी दोन भरतात," सरपंच सावित्रीबाई म्हणाल्या. "मारा काकी."

सारजाबाईनं पदर खोचला. मुरारी धावला. "आये, थांब! सेटिंग बिघडलंय! मागची खाच परत—"

"तुजा छरा चार बोटं उजवीकडं गेला न्हवं?"

"हो, पण—"

"मग मी चार बोटं डावीकडं धरते. व्हय बाजूला."

फट्! लिंबू उडालं, आणि त्याचा रस धनेशच्या दुर्बिणीवर पडला.

गावानं सारजाबाईला देवळापर्यंत वाजत नेलं. पहिलं सोनं तिच्या हातून देवीला गेलं. मुरारीचा ऊर भरून आला, डोळेही भरले. परतीच्या वाटेत त्यानं हळूच विचारलं, "आये, बाबांना ठाऊक होतं? बंदूक डावीकडं मारते हे?"

"ती तिरकी व्हाया लागली त्याच सालाला कळलं त्यास्नी. म्हनले, बंदूक तिरकी झालीया, तर आपुन बी वाईच तिरकं व्हायचं. लोखंडाला कशाला शानपन शिकवायचं?"

दुसऱ्या दिवशी मुरारीनं गेटवरच्या प्रकाराचा खुलासा कंपनीत दिला. फॉर्म नेहमीचाच होता, सगळे रकाने नेटके भरलेले. दोष कुठे आढळला, या रकान्यात त्यानं लिहिलं, 'तपासणाऱ्यात.' आणि पुन्हा घडू नये म्हणून केलेला उपाय?

'यापुढे मोजमाप घेण्याआधी आईला विचारले जाईल.'