पाणी अडीच तास, पती दुसरा

मागच्या मंगळवारी आमच्या घरी पसंती-मोजणी झाली आणि तीत माझी नोंद माणसांत न होता पर्यायांत झाली.

मोजणीची पद्धत सर्वांना माहीत आहे. बाई कार्ड दाखवतात, कार्डावर दोन पर्याय असतात, आपण एकावर बोट ठेवायचे. निवडलेला पर्याय दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लागू होतो. शेजारच्या गोगट्यांनी बसथांबा दारात मागून एक खोली कमी पत्करली. सहाला खोली गेली, सव्वासहाला बस आली. तक्रारीला जागाच नव्हती.

आमच्याकडे मुणगेकर बाई आल्या. पाणी दोन तास आणि बाजार लांब, की पाणी एक तास आणि बाजार जवळ?

"काहीही चालेल," मी म्हणालो.

नोकरीत पस्तीस आणि संसारात अडतीस वर्षे मी हेच उत्तर दिले होते. त्याला सौजन्य म्हणतात, अशी माझी समजूत होती.

आणखी पाच कार्डे झाली. पाचही चालली. मुणगेकर बाईंनी पेनाला टोपण लावले.

"काका, नियम सात. ज्याला पसंती नाही, त्याला विचारता येत नाही. त्याच्याविषयी विचारावं लागतं."

त्यांनी टोपण पुन्हा काढले, कोऱ्या कार्डावर दोन ओळी लिहिल्या आणि ते माझ्या पत्नीपुढे, इंदुमतीपुढे धरले.

पर्याय अ: पाणी एक तास, पती सध्याचा.
पर्याय ब: पाणी अडीच तास, पती दुसरा.

"अहो, हे काय चाललंय?"

"पर्यायाने मध्ये बोलू नये, काका."

इंदुमती फाडकन अ म्हणेल, अशी माझी खात्री होती. तिने चष्मा पुसला.

"दुसरा म्हणजे कसा हो?"

"भाजी कोणती करू विचारलं, की भाजीचं नाव सांगतात."

"रोज?"

"रोज. कधी कधी आदल्या दिवशीच."

"इंदू, अगं अडतीस वर्षं!" मी ओरडलो.

"तेच आठवतेय," ती म्हणाली. मग तिला माझी दया आली असावी. "बरं, तुम्हीच सांगा. कशावर ठेवू बोट?"

माझ्या तोंडातून सवयीने तेच दोन शब्द बाहेर पडले.

तिने ब वर बोट ठेवले.

बुधवारी सहाला मी पलीकडच्या गल्लीत प्रधान बाईंकडे लागू झालो. त्यांना जेवणावरून कटकट नको होती. तेवढ्यासाठी त्यांनी आपल्या कार्डावर पाणी अर्ध्या तासावर आणले. ते पुरत नाही. म्हणून रोज सकाळी मी दोन बादल्या घेऊन जुन्या घरी जातो. दार दुसरे पती उघडतात. गृहस्थ सज्जन आहेत.

आज इंदुमतीने स्वयंपाकघरातून विचारले, "चहा घेणार, की सरबत?"

मी तोंड उघडले.

"त्यांना सरबत दे," दुसरे पती म्हणाले.

मला चहा हवा होता. सरबत पिऊन मी बादल्या उचलल्या.